यंत्राचा अडलेला हात



सिंहगड रस्त्यानें जातांना वडगांवच्या पुढें धायरीचा फांटा लागतो. धारेश्वराच्या देवळामुळें हें गांव पुष्कळांना ठाऊक आहे. २०१७ सालीं त्याचा उरलेला भागहि पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आला, आणि आतां तेथें उंच इमारतींची दाटी झाली आहे. परंतु या इमारतींच्या मागें पत्र्याच्या छपरांखालीं दुसरेंच एक जग रात्रंदिवस चालू असतें. मोटारींचे, पंपांचे आणि नाना यंत्रांचे सुटे भाग करून देणारे लहान कारखाने धायरीस आणि शेजारच्या नऱ्ह्यास पुष्कळ आहेत. पांचसात माणसें, दोनतीन यंत्रें आणि बहुधा त्या यंत्रांवर बँकेचें कर्ज, एवढाच त्यांचा संसार. या संसारांत वरचेवर येणाऱ्या एका अडचणीविषयीं आज मला बोलावयाचें आहे. यंत्राचा हत्यार बदलणारा हात मध्येंच अडकला, तर काय करावें?

सुतार काम करतांना रंधा, पटाशी, गिरमिट, जें लागेल तें पेटींतून उचलतो आणि काम होतांच परत ठेवतो. संगणकाच्या आज्ञेनें चालणारें कातकामाचें यंत्र, ज्याला कारखान्यांत नुसतें सी. एन. सी. म्हणतात, हेंच काम आपलें आपण करतें. भोंक पाडावयाचें हत्यार निराळें, आटे पाडावयाचें निराळें, पृष्ठभाग सपाट करावयाचें निराळें. अशीं वीस किंवा चोवीस हत्यारें यंत्राच्या बाजूस एका फिरत्या चक्रांत टांगलेलीं असतात. या चक्राला मॅगझिन म्हणतात, आणि त्याच्या जवळच दोन पंजांचा एक पोलादी हात असतो. हत्यार बदलावयाचें झालें कीं हा हात वळतो, एका पंजानें स्पिंडलमधील जुनें हत्यार व दुसऱ्यानें चक्रांतील नवें हत्यार धरतो, दोन्ही खालीं ओढून काढतो, अर्धा फेरा घेतो, दोन्ही वर बसवितो आणि आपल्या जागीं परततो. एवढ्या सर्व खटाटोपास दोनतीन सेकंद पुरतात. नवख्या माणसाला काय झालें हें कळतहि नाहीं.

आंकड्यांच्या आज्ञेनें चालणारें यंत्र १९५२ सालीं अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या-संस्थेंत लोकांना दाखविण्यांत आलें. हत्यार बदलण्याचें काम यंत्रानें स्वतःकडे घेतलें तें त्याच दशकाच्या अखेरीस, मिल्वॉकी येथील एका कारखान्याच्या यंत्रांत. म्हणजे या हाताची साठी केव्हांच उलटली आहे. मात्र त्याचा हट्टीपणा अजून गेलेला नाहीं.

हत्यार स्पिंडलमध्यें कसें धरलेलें असतें हें ध्यानांत घेतल्यावांचून पुढील गोष्ट समजावयाची नाहीं. हत्याराचा वरचा भाग निमुळता असतो व त्याच्या शेंड्याला एक गुंडी असते. स्पिंडलच्या पोटांत बशीसारख्या पोलादी चकत्यांची चळत बसविलेली असते. तिच्या जोरानें एक चिमटा ती गुंडी पकडून वर ओढून धरतो. मध्यम आकाराच्या यंत्रांत ही ओढ हजार किलोंच्या आसपास असते. ती सोडविण्यासाठीं दाबलेली हवा लागते, आणि हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारें सहा किलो असावा लागतो. म्हणून प्रत्येक पायरीवर यंत्र साक्ष मागतें. चिमटा सुटला काय? स्पिंडल ठरलेल्या कोनांत उभें आहे काय? चक्रांतील हत्याराचें घर खालीं वळलें काय? या साक्षी देण्यासाठीं बोटाएवढे सेन्सर जागोजाग बसविलेले असतात. त्यांपैकीं एकानेंहि साक्ष दिली नाहीं, तर हात असेल तेथेंच थांबतो आणि पडद्यावर तांबडीं अक्षरें उमटतात.

अशा वेळीं आपण म्हणतों, यंत्र बिघडलें. मला हा शब्द पटत नाहीं. पुष्कळदां यंत्र बिघडलेलें नसतें, त्याला शंका आलेली असते. कॉम्प्रेसरचा दाब उतरला असेल, सेन्सरवर तेलकट कीस बसला असेल, त्याची मळसूत्री सैल झाली असेल, किंवा हात अर्ध्या वाटेवर असतांनाच वीज गेली असेल. पावसाळ्यांत हें शेवटचें कारण विशेष.

खरा धोका यापुढें सुरू होतो. माल सकाळीं पोंचवावयाचा आहे, रात्रपाळीला एकटा कामगार आहे, दुरुस्तीचा माणूस उद्यांशिवाय येत नाहीं. मग दाराची सुरक्षा-कळ तारेनें बांधून टाकावी, सेन्सरला खोटी साक्ष द्यावयास लावावें, किंवा हाताला लांकडी हातोड्यानें दोन ठोके द्यावे, असा मोह होतो. सर्वांत फसवें काम म्हणजे यंत्र चालू ठेवून सेन्सर पुसणें. फडकें फिरतांच अडलेली साक्ष मिळते, आणि कांहीं यंत्रांत तो पोलादी हात त्याच क्षणीं उरलेला फेरा पुरा करतो. तेथें माणसाचा हात आहे हें सांगणारा सेन्सर कोणीं बसविलेला नसतो.

म्हणून प्रथम आणीबाणीचें बटण दाबावें आणि कांहीं वेळ नुसतें पाहावें. हात कोणत्या पायरीवर आहे? हत्यार चिमट्यानें धरलें आहे, पंजानें धरलें आहे, कीं दोघांनींहि? यंत्राच्या पडद्यावर कोणती साक्ष आली आणि कोणती आली नाहीं याची यादी पाहतां येते. ती वाचल्यावांचून पान्याला स्पर्श करूं नये. नंतर हत्याराखालीं लांकडाचा ठोकळा ठेवावा. चिमटा सुटला आणि पंजाची पकड अपुरी असली, तर सातआठ किलोंचें धारदार हत्यार खालीं येतें.

त्यानंतर हात फिरविणाऱ्या मोटारीची वीज मुख्य कळीपाशींच तोडावी, मोटारीचा ब्रेक सोडावा आणि तिच्या दांड्याच्या टोकाला पाना लावून हात अगदीं सावकाश मूळ जागीं न्यावा. येथें एक गोम आहे. पंजानें हत्यार धरलेलें असून चिमटाहि मिटलेला असेल, तर हात खालीं येऊंच शकत नाहीं. जोर केला तर हात वांकतो किंवा गुंडी तुटते. तेव्हां आधीं हवेच्या झडपेवरील हातबटण दाबून चिमटा उघडावा लागतो. म्हणजे वीज बंद, पण हवा चालू, असा हा प्रसंग आहे, आणि तो दोन माणसांचा आहे. एकट्यानें करूं नये. पाना जड लागला कीं थांबावें. तो हलका लागावयास हवा. यंत्रा-यंत्रांत फरक असतो, यासाठीं कपाटांत धूळ खात पडलेली पुस्तिका याच वेळीं उघडावी.

हात घरीं पोंचला कीं सर्वजण सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि खरी हानि पुष्कळदां त्यानंतरच होते. या यंत्रांत जुनें हत्यार आपल्या मूळ घरीं परत जात नाहीं; नव्याचें जें घर रिकामें झालें, त्यांतच तें बसतें. कोणतें हत्यार कोणत्या घरांत आहे याची खातेवही यंत्र आपल्या स्मरणांत ठेवतें. अदलाबदल अर्ध्यावर मोडली, कीं खातें एक सांगतें आणि चक्रांत दुसरेंच असतें. मग यंत्र आंखूड हत्यार समजून लांब हत्यार उतरवितें, तेंहि भर वेगानें. तो आवाज ज्यानें ऐकला, तो विसरत नाहीं. स्पिंडल एकदां दुखावलें, कीं लहान कारखानदाराच्या कर्जाचे हप्ते आणि दुरुस्तीचा खर्च एकाच वेळीं दारांत उभे राहतात.

याकरितां चक्र हातानें एकेक घर फिरवून प्रत्येक हत्यार डोळ्यांनीं पाहावें, पडद्यावरील यादीशीं ताडावें, आणि चुकलेला क्रमांक दुरुस्त करावा. हत्याराचा निमुळता भाग पुसून घ्यावा. तेथें केसाएवढा कीस राहिला तरी भोंक वांकडें पडतें. मग टेबल रिकामें ठेवून, वेग अगदीं कमी करून, एकेक पायरीनें दोनतीन वेळां अदलाबदल करून पाहावी. त्यानंतरच खरा माल चढवावा. हें सारें काम तासाभराचें आहे. कॉम्प्रेसरच्या टाकींत सांचलेलें पाणी रोज सकाळीं सोडण्यास दोन मिनिटें लागतात, आणि पावसाळ्यांत तें पाणी अधिक सांचतें.