जमिनीची जात

(नागपूर येथें शेतकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



माणसाची जात विचारण्यांत या देशानें शेंकडों वर्षें फुकट घालविलीं. पण जिच्यावर आपलें पोट आहे त्या जमिनीची जात कोणी विचारीत नाहीं. दुकानदार म्हणतो, शेजाऱ्यानें दोन पोतीं नेलीं, तुम्ही तीन न्या. आणि आपण उधारीवर तीन उचलतों!

आपल्या आजापणजांस हें शास्त्र ठाऊक होतें. काळी, मोरांड, खरडी, बरडी हीं नांवें कोणत्या कॉलेजांतून आलीं नाहींत. इंग्रजी अमदानींत बंदोबस्ताच्या साहेबांनीं तीं कास्तकारांच्या तोंडूनच घेऊन दप्तरांत लिहिलीं व त्यांवर सारा बसविला. सारा घेण्यापुरती तुमची विद्या खरी, आणि खत विकतांना मात्र तुम्ही अडाणी, हा न्याय कोठला?

नागपूरच्या पश्चिमेस काटोल-कळमेश्वरकडे काळा बेसाल्ट खडक आहे; तो झिजून काळी माती झाली. पूर्वेस खडक बदलतो आणि मौदा-रामटेककडे धानाच्या बांध्या लागतात. काळीचा कण अति बारीक. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, ओल पुष्कळ दिवस धरते. म्हणून तिच्यावर हरभरा निभतो. पण तोच गुण संत्र्याचा काळ होतो. माझ्या वडिलांनीं जमीन जितकी काळी तितकी चांगली असें समजून खोल काळींत बाग लावली. एका दांडग्या पावसाळ्यांत पाणी तुंबलें, पानें पिवळीं पडलीं. एका विक्रेत्यानें सांगितलें, झाड उपाशी आहे, युरिया द्या. दिला. पुढें खोडांतून डिंक वाहूं लागला आणि दोन वर्षांत बाग सरपणाला गेली. मुळांना हवा न मिळून तीं कुजलीं होतीं. कुजलेल्या मुळानें खत खावें कसें? तेथें चर खणावयाचा होता. कर्ज मात्र पुढें सहा वर्षें फेडलें.

काळींत चुनाही फार. टाकलेलें स्फुरद चुना धरून बसतो. म्हणून तें वरून फेंकूं नये, पेरतांना ओळींत बियाण्याच्या बाजूस पाडावें. जस्त व लोहही अशा मातींत असून नसल्यासारखें होतें. कोंवळ्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला, तर तेथें बहुधा लोहाची उणीव असते. त्यावर युरियाचें पोतें ओतणें म्हणजे डोळे दुखतात म्हणून पोटाला पट्टी बांधणें. युरियांत शंभर किलोस ४६ किलो नत्र असतें खरें, पण चुनखड जमिनीवर तो उघडा टाकला तर त्यांतलें बरेंच वायुरूपानें उडून जातें. मातीआड करावा. बरडीची गोष्ट उलटी : तिच्यांतून नत्र पावसाबरोबर खालीं झिरपतें, म्हणून एकदम न देतां दोनतीन हप्त्यांनीं द्यावें. शेणखत मात्र दोघींनाही मानवतें. काळीला मोकळी करतें, बरडीला ओल धरावयास शिकवितें.

जें अन्न सर्वांत कमी, त्यावर पीक अडतें, ही गोष्ट जर्मनीच्या लीबिगनें एकोणिसाव्या शतकांत जगापुढें मांडली. घरांत पायलीभर पीठ असून सरपण नसेल, तर आणखी पीठ आणून भाकरी होत नाहीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत बांध घालून पाणी शेतांत मुरविण्याचा आग्रह धरला. वरचा कसदार थर ओढ्यानें गेल्यावर खत कशाला द्यावयाचें?

राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचें मुख्य ठाणें आपल्याच नागपुरांत आहे, आणि २०१५ पासून सरकारनें मृदा आरोग्य पत्रिका काढल्या. पण बांधावरची मूठभर माती पिशवींत घातली तर पत्रिका बांधाचीच येणार. शेतांत आठदहा ठिकाणीं वीतभर खोल खड्डा करून माती घ्या, एकत्र मिसळा, त्यांतली अर्धा किलो ठेवा. झाडाखालची, उकिरड्याजवळची नको. बागेसाठीं खालच्या थरांची निराळी घ्या. खत टाकण्यापूर्वीं घ्या.

मी फावडें व पिशव्या आणल्या आहेत. येथल्या एका बंधूनें आपलें शेत दाखविण्याचें कबूल केलें आहे. ऊन चढण्यापूर्वीं तिकडे जाऊं.