अँटेना उंच, केबल आखूड



अनेक गावांत आता असं दिसतं, की इंटरनेटची तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येऊन पोचलेली असते, आणि शाळा मात्र ओढ्यापलीकडच्या वाडीत, दोन किलोमीटरवर. शिष्यवृत्तीचा एक अर्ज भरायचा, तरी गुरुजींनी वाडी उतरून कचेरीत यायचं. अशा ठिकाणी तार न ओढताही काम भागतं. दोन्ही टोकांना एकेक बिनतारी मोडेम आणि एकेक अँटेना बसवायची. यासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या आणि शक्ती वगैरेंच्या ठरलेल्या अटी पाळल्या, तर भारतात २००५ सालापासून परवानाही लागत नाही.

हे काम आम्ही एका वाडीत केलं आणि चुकलो. ती चूकच आज सांगणार आहे. कारण पैसा गावच्या वर्गणीचा होता.

मे महिन्यात शाळेच्या छपरावर अँटेना चढवली. जोडणी छान चालली. जुलैत ती अधूनमधून तुटू लागली आणि पोळ्याच्या सुमारास साफ बंद पडली. आम्हाला वाटलं, मोडेम बिघडला. पुन्हा वर्गणी काढून नवा आणला. तोही मुका! शेवटी गुरुजी छपरावर चढले आणि कचेरीकडे पाहू लागले, तर कचेरी दिसेचना. उन्हाळ्यात निष्पर्ण उभे असलेले साग आता रुंद, ओल्या पानांनी गच्च भरले होते.

तर मंडळी, पहिली गोष्ट ही. या लहरींची लांबी असते जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. पानांतलं पाणी त्यांना शोषून घेतं. म्हणून एका अँटेनापासून दुसरी दिसली पाहिजे, आणि ती पावसाळ्यातही दिसली पाहिजे. शिवाय नुसती दोरीएवढी वाट मोकळी असून भागत नाही. दोन किलोमीटरच्या अंतरात मध्यावर त्या सरळ रेषेच्या चहूबाजूंनी सुमारे पाच मीटर मोकळी जागा हवी. त्यासाठी झाडं तोडू नका. उंच छप्पर किंवा दुसरी जागा शोधा.

दुसरी गोष्ट केबलची. मोडेम खाली कपाटात आणि अँटेना वर छपरावर, अशी आमची मांडणी होती. मधे दहा मीटर बारीक केबल. या लहरींना अशी केबल फार महाग पडते, बरं का! दर तीन मीटरला जवळजवळ निम्मी शक्ती खर्च होते. दहा मीटरनंतर उरतो साधारण दहावा हिस्सा. भोकाच्या पाटानं पाणी न्यावं, तसं हे झालं. म्हणून मोडेम पाणी न शिरणाऱ्या पेटीत अँटेनाशेजारीच बसवावा आणि खाली लॅन केबल आणावी. मोडेममध्ये तशी सोय असेल, तर त्याच केबलमधून वीजही वर नेता येते. तिची मर्यादा शंभर मीटर.

तिसरी गोष्ट पाण्याची. आम्ही जोड उघडला, तर आतून चक्क थेंब पडले. उघड्यावरच्या प्रत्येक जोडावर स्वतःशीच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या. पाणी तिथून ठिबकून जाईल.

चौथी गोष्ट दिशेची. पूर्वी टीव्हीसाठी घरांवर दिसे, तशी काड्यांची अँटेना इथेही चालते. मात्र ती याच लहरींच्या मापाची हवी. जपानमधल्या सेंदाई इथे यागी आणि उदा या संशोधकांनी १९२६ च्या सुमारास ती पुढे आणली. एका टोकाला काड्या उभ्या असतील, तर दुसऱ्या टोकालाही उभ्याच हव्यात. एकानं अँटेना हळूहळू फिरवावी, दुसऱ्यानं मोडेमवरचा आकडा वाचून फोनवर सांगावा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खांब उभारताना वर पाहा. तो आडवा पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढा दूर हवा. लोखंडी खांबाला चांगलं अर्थिंग करा. पण थेट वीज पडली, तर त्यानं यंत्र वाचेलच असं नाही. म्हणून आभाळ भरून येताच, गडगडाट सुरू होण्याआधीच, प्लग आणि केबल काढून ठेवा. एकदा गडगडू लागलं, की त्यांना हात लावू नका. आणि पोरांना छपरावर मुळीच चढवू नका. मोडेम पुन्हा आणता येतो.

पुढं आम्ही काय केलं? जुनाच मोडेम पेटीत घालून शाळेच्या उंच इमारतीवर नेला आणि केबल हातभर ठेवली. पुढचा पावसाळा त्यानं निभावला. नवा मोडेम अजून कपाटात आहे. तो वर्गणीचा पैसा तेवढा वाया गेला. तुमचा जाऊ नये, म्हणून हे बोलणं.