हातातला पाना कुणी घडवला?



माझ्या अंगठ्यावरचा हा व्रण पाहा. फिटरची उमेदवारी करताना स्वस्त पडतो म्हणून एक आयात पाना घेतला होता. पोलादाला नीट पाणी दिलेलं नव्हतं. जोर लावताच तोंड फाकलं, हात सटकला. तेव्हापासून मी परदेशी मालाला नावं ठेवू लागलो.

ते चुकलं. जालंधरचे पाने परदेशात विकले जातात. तिथल्या फिटरला तेही ‘आयात’च. दोष देशाचा नसतो, कामाचा असतो.

तरीही जवळचा कारखाना जगायला हवा. अमेरिकेत क्राफ्ट्समन हत्यारांचं बरंचसं उत्पादन आशियात गेलं. ते परत आणायला टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्ये स्वयंचलित कारखाना उभारला. यंत्रं नीट चाललीच नाहीत. २०२३मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं. गेलेलं काम नुसत्या पैशाने परत येत नाही.

म्हणून आधी पाना नटावर बसवून पाहा. दोन सारखेच चांगले असतील, तर नाशिकचा किंवा जालंधरचा घ्या, दहा-वीस रुपये जास्त पडले तरी. त्यातून एखाद्या कारागिराचं काम टिकतं. उद्या तो कारागीर तुमच्यापैकीच कुणी असेल.