पाळी बदलताना सांगून जा

बल्लारपूर, दुर्गापूर, घुग्घुस.
इथल्या कोळसा खाणींत काम पाळ्यांत चालतं.
चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातही तसंच.
माणसं बदलतात, काम थांबत नाही.
म्हणून एकच विनंती.
पाळी बदलताना अर्धवट काम सांगून जा.

न सांगितल्यानं काय होतं?
गोष्ट सप्टेंबर १९९१ची.
अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर.
रात्री एका प्रवासी विमानाच्या शेपटीची दुरुस्ती सुरू होती.
एका पाळीनं शेपटीच्या डाव्या बाजूचे वरचे स्क्रू काढले.
हे पुढच्या पाळीला कळलंच नाही.
त्यांनी उजव्या बाजूचं काम पूर्ण केलं.
डावी बाजू तशीच राहिली.

सकाळी ते विमान प्रवाशांना घेऊन उडालं.
परतीच्या वाटेवर, ईगल लेक गावाजवळ, ते हवेतच तुटलं.
विमानातले चौदाही जण गेले.

आपल्याकडेही धोका तोच आहे.
कुठल्या बेल्टचं गार्ड काढून ठेवलंय?
कुठली मोटार बंद आहे, आणि तिच्यावर कोण काम करतंय?
छताला नवी भेग कुठे दिसली?

हे वहीत लिहा.
समोरासमोर सांगा.
जमेल तिथं जागेवर नेऊन दाखवा.

आणि येणाऱ्या पाळीच्या भावांनो, बहिणींनो,
ऐकलेलं परत बोलून दाखवा.
शंका असेल, तर विचारा.
विचारल्याशिवाय बटण दाबू नका.

बस चुकेल, घरी उशीर होईल, हे खरं आहे.
तरी ती पाच मिनिटं द्याच.
पुन्हा सांगते.
पाळी बदलताना अर्धवट काम सांगून जा.