डेव्हिड ससून : जमा आणि खर्च



'ससूनला नेले' एवढे दोन शब्द कानी पडले, की पुणेकराच्या काळजात चर्र होते. हे नाव रुग्णालयाचे, हे सारेच जाणतात. ते एका हाडामांसाच्या माणसाचे होते, याची आठवण मात्र क्वचितच होते. आज त्या माणसाचा परिचय करून देण्याचे आम्ही योजले आहे.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदादला झाला. त्यांचे वडील शेख सालेह हे तेथील पाशांचे खजिनदार आणि ज्यू समाजाचे 'नासी', म्हणजे पुढारी. पुढे दाऊद पाशाच्या अमदानीत ज्यू सावकारांचा छळ सुरू झाला आणि हे मातबर घराणे परागंदा झाले. इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात काही काळ काढून डेव्हिड १८३२ च्या सुमारास मुंबईस आले. ऐन चाळिशीत, परक्या मुलखात त्यांनी नव्याने पेढी मांडली.

या पेढीचा पत्रव्यवहार हिब्रू लिपीत, अरबी भाषेत चाले. शनिवारी, म्हणजे शब्बाथला, व्यवहार बंद. बगदादहून कोणी ज्यू तरुण आला, की त्याला पेढीवर काम मिळे. त्याच्या मुलांना शाळा आणि प्रार्थनेला मंदिर मिळे. भायखळ्याचे मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर त्यांनीच बांधविले. १८५३ साली ते ब्रिटिश प्रजाजन झाले, तेव्हा कागदावर सही केली ती हिब्रूत! आपले गाव सुटले, पण आपला समाज सुटू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा होता. पुढारीपण वडिलांकडून आले असेल. ते परमुलखात टिकविले ते स्वतःच्या कर्तृत्वाने.

ही झाली जमेची बाजू. पण वहीचे दुसरे पान न उलटता हिशेब पुरा होत नाही.

या वैभवात कापूस आणि कापड होते, तशी अफूही होती. १८४४ साली त्यांचा मुलगा इलियास चीनला गेला आणि पेढीचा तिकडचा व्यापार वाढला. माळव्यातील अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. तो धंदा त्या काळी कायदेशीर होता, असे कोणी म्हणतात. येथे होता, पण चीनने अफूला बंदी केली होती, आणि १८३९ ते १८४२ च्या युद्धात इंग्रजांनी चीनला नमविल्यावरही ती बंदी १८५८ पर्यंत कागदावर कायम होती. तोवर तिकडे उतरणारी प्रत्येक पेटी चोरटीच होती. मग त्या पेट्यांपायी उद्ध्वस्त झालेल्या चिनी घरांचा हिशेब कोणाच्या नावे मांडायचा?

एकट्या ससूनांच्या नावे मांडून भागणार नाही. या अफूवर कंपनी सरकारने कर घेतला, मुंबईच्या इतर शेठियांनी नफा घेतला, आणि त्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थांचा लाभ आपण आजही घेत आहोत. आपण या व्यवहारातले त्रयस्थ नव्हे, वारसदार आहोत.

नोव्हेंबर १८६४ मध्ये डेव्हिड ससून पुण्यातच वारले. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले रुग्णालय १८६७ साली सुरू झाले; ते पाहावयास ते राहिले नाहीत. कँपातील ओहेल डेव्हिड मंदिर, आपले 'लाल देऊळ', तेही त्यांच्यामागे पुरे झाले. त्याच्याच आवारात त्यांची समाधी आहे.

दान मोठे म्हणून धंदा पवित्र ठरत नाही, आणि धंदा काळा म्हणून रुग्णाला मिळालेले औषध विष ठरत नाही. एक रक्कम दुसरीत वळती करून वही मिटविण्याचा मोह आपल्याला होतो. तो आपण टाळावा. ज्याने निर्वासितांना आसरा दिला तो माणूस आणि ज्याने चीनला अफू धाडली तो माणूस एकच होता. दोन्ही रकमा शेजारी शेजारी राहू देऊन त्या वाचण्याचे धैर्य आपल्यात यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.