पेढीवरचा योग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि योगाचे नाव घरोघरी पोहोचले. ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु योग म्हणजे सकाळी सतरंजीवर केलेली अर्ध्या तासाची आसने, एवढाच अर्थ जनमानसात रुजला, तर शास्त्रकारांचे मुख्य सांगणे बाजूलाच राहील. सतरंजी गुंडाळल्यानंतर दुकानाचे शटर वर जाते आणि योगाची खरी परीक्षा तेथून सुरू होते.

पतंजलींच्या अष्टांगयोगात आसनाचा क्रमांक तिसरा आहे. पहिले अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम होत. जैन परंपरेत हीच पाच तत्त्वे साधूंसाठी महाव्रते आणि श्रावकांसाठी अणुव्रते म्हणून येतात. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी ‘योगशास्त्र’ रचले. त्याच्या १२ प्रकाशांपैकी पहिल्याच प्रकाशात सद्गृहस्थाचे ३५ गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला गुण म्हणजे न्यायाने मिळविलेले धन. आसनांचा विचार चौथ्या प्रकाशात येतो, प्राणायामाचा पाचव्यात. योगाचा जिना चढायचा तर पहिली पायरी गल्ल्यापाशी आहे, असाच याचा अर्थ होतो.

तत्त्वार्थसूत्राने अचौर्यव्रताचे पाच अतिचार नोंदविले आहेत. चोरीस उत्तेजन देणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम मोडणे, मापात लबाडी करणे आणि अस्सल म्हणून नक्कल विकणे. कापड बाजारात गज गेला, मीटर आला; पण अतिचार तेच राहिले. मोजताना मीटरमागे २ सेंटिमीटर ताण दिला, तर १०० मीटरला २ मीटर कापड उरते. ते वहीत नफा म्हणून दिसते, आत्म्याच्या खात्यावर मात्र नावे पडते. मिश्र धाग्याचा तागा शुद्ध सुती म्हणून विकणारा व्यापारी पहाटे कितीही सूर्यनमस्कार घालो, त्याच्या योगाचा पायाच घातला गेलेला नसतो.

सुखाच्या काळात हे सारे पटते. कसोटी लागते ती संकटात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. ऐन लग्नसराईचा माल फडताळात पडून राहिला. घाऊक व्यापाऱ्याला पुढे गिरणीचे देणे आणि मागे किरकोळ दुकानदारांकडचे येणे दिसत होते. शिवाय बँकेचे व्याज होते आणि नोकरमाणसांचे पगारही होते. अशा वेळी मनाची जी अवस्था होते तिचे निदान शास्त्रकारांनी आधीच करून ठेवले आहे. हातचे गेले, नको ते पुढ्यात आले, याचाच घोर लागणे म्हणजे आर्तध्यान. रौद्रध्यानाच्या चार प्रकारांत तर ‘विषयसंरक्षण’ म्हणजे आपले ते राखण्याची अहोरात्र तळमळ हाही एक प्रकार गणला आहे. ज्याला सज्जन माणूस काळजी म्हणतो, तिचे रौद्रात रूपांतर केव्हा होते हे त्याचे त्यालाही कळत नाही. नोकराचा पगार प्रथम तोडावा असे वाटू लागले, की ती सीमा ओलांडली गेली असे समजावे.

यावर उपाय सामायिक. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, सर्व व्यवहार बाजूला ठेवून समभावात बसणे. तेवढेही शक्य नसेल, तर निदान कायोत्सर्ग. दिगंबर परंपरेत २७ श्वासोच्छ्वासांत नऊ वेळा णमोकार मंत्राचे स्मरण करतात. त्याने उधारी वसूल होत नाही, हप्ताही माफ होत नाही. मात्र त्यानंतर देणेकऱ्याशी बोलणारा माणूस शांत झालेला असतो आणि शांत माणसाचा हिशेब सहसा चुकत नाही.

मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनाही बाजारासाठीच सांगितल्या असाव्यात, असे वाटण्याइतक्या उपयोगी आहेत. शेजारच्या दुकानात गर्दी दिसली तर प्रमोद. खरोखर बुडालेल्या गिऱ्हाइकाबाबत कारुण्य. त्याला मुदत द्यावी, हप्ते बांधून द्यावेत. जाणूनबुजून बुडविणाऱ्याबाबत माध्यस्थ्य. माध्यस्थ्य म्हणजे हक्क सोडणे नव्हे. कायद्याचा मार्ग जरूर धरावा. परंतु त्याच्या द्वेषाने स्वतःची झोप जाळू नये. पतंजलींनीही चित्तप्रसादासाठी जवळजवळ याच चार भावना सांगितल्या आहेत.

हे केवळ ग्रंथातले नाही. श्रीमद् राजचंद्र मुंबईत हिरे-मोत्यांचा व्यापार करीत. १८९१ साली गांधीजींची त्यांच्याशी भेट झाली. लाखोंचे सौदे करणाऱ्या या जवाहिऱ्याच्या पेढीवर धर्मग्रंथ आणि रोजनिशी सदैव असे आणि सौदा आटोपताच ते उघडले जात, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. पेढी सोडून योग साधावा लागला नाही. पेढीवरच तो साधला.

धर्मबंधूंनो, रोज रात्री रोजमेळ जुळल्याशिवाय व्यापारी दुकान बंद करीत नाही. त्याच वेळी आणखी दोन ओळींचा मेळ घालावा : आज कोणाचे मन दुखावले आणि आज कोणाचे काही न्यायाविरुद्ध आपल्याकडे आले? पहिल्याची क्षमा मागावी, दुसरे परत करावे. रोजचे प्रतिक्रमण ते हेच. हा मेळ ज्याचा रोज जुळतो, त्याला संकटकाळी नवा योग शिकण्यासाठी धावावे लागत नाही.

जय जिनेंद्र!