टपाल तिकिटांची प्रूफे : एक परवडणारा संग्रह

टपाल तिकीट छापण्यापूर्वी कोरीवकाम नीट उमटते की नाही हे पाहण्यासाठी जो नमुना काढला जातो त्यास प्रूफ म्हणतात. एकाच मूळ ठशावरून घेतलेले ते डाय प्रूफ आणि अनेक ठसे असलेल्या पूर्ण पत्र्यावरून घेतलेले ते प्लेट प्रूफ. अमेरिकेने १८९३ मध्ये कोलंबसाच्या सफरीच्या स्मरणार्थ १ सेंटपासून ५ डॉलरपर्यंत १६ तिकिटांची जी माला काढली, तिच्यातील डॉलर-मूल्याची कोरी तिकिटे सामान्य संग्राहकाच्या आवाक्याबाहेरची आहेत. मात्र त्याच मूल्यांची, पातळ मऊ कागदावर किंवा जाड कार्डावर छापलेली प्लेट प्रूफे, संख्येने तिकिटांहून कितीतरी कमी असूनही, बरीच स्वस्त मिळतात, कारण किंमत दुर्मिळतेपेक्षा मागणीवर ठरते आणि बहुतेकांच्या अल्बमात प्रूफांसाठी छापील चौकटच नसते. खरे तर १ डॉलरच्या तिकिटावरील दागिने देऊ करणारी राणी इझाबेला प्रूफावर अधिक रेखीव दिसते. प्रूफाला डिंक नसतो, कडेला छिद्रे नसतात. त्यामुळे मूळ डिंक शाबूत आहे का, ही जुन्या तिकिटांच्या खरेदीतील कटकटही उरत नाही. १८६९ च्या मालेतील ९० सेंटचे, मधले लिंकनचे चित्र उलटे असलेले रूप तर केवळ प्रूफातच आढळते. कार्ड तासून, छिद्रे पाडून प्रूफ हे तिकीट म्हणून खपवणारेही असतात; तेव्हा मोठ्या खरेदीपूर्वी तज्ज्ञांचे प्रमाणपत्र अवश्य मागावे.